बायोलॉजी आधी, राजीनामा मग

बाई,

मी गोव्यातल्या फोंड्याची, वय 28. बारावीला सायन्स होतं, पण बायोलॉजी नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटर घेतलं होतं. फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं आणि गेली सहा वर्षं वेर्ण्याला एका औषध कंपनीत मेंटेनन्सला आहे. पगार बरा, माणसंही बरी. मागच्या पावसाळ्यात पप्पांना स्ट्रोक आला आणि तीन आठवडे आम्ही बांबोळीच्या हॉस्पिटलात होतो. तिथल्या डॉक्टरांना काम करताना पाहिलं तेव्हापासून ब्लिस्टर पॅकिंगच्या मशीनसमोर उभी राहिले की वाटतं, मी इथे काय करतेय? मला डॉक्टर व्हायचंय.

घरी बोलले तर जितकी तोंडं तितके सल्ले. न्यू जर्सीचा मामेभाऊ म्हणतो, इकडे ये, इथे तुझ्यासारख्यांसाठी 'पोस्ट-बॅक' असतं. मैत्रीण म्हणते, आधी बीएस्सी झूलॉजी कर, मग नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, दे. मडगावच्या एका एजंटाने जॉर्जिया देशातल्या मेडिकल कॉलेजचं माहितीपत्रक हातात ठेवलं. काकू म्हणते, शिरोड्याला आयुर्वेदाला जा, घरचं जेवून जाता येईल. आई म्हणते, आधी लग्न. माझ्याकडे नऊ लाख शिल्लक आहेत. पप्पांची पेन्शन आहे, पण घराच्या कर्जाचा चौदा हजारांचा हप्ता मीच भरते. राजीनामा देऊ का? आणि कुठला रस्ता धरू?

– एक वाचक, फोंडा

*

नाव लिहिलं नाहीस, म्हणून विचारत नाही. बाई म्हणालीस, म्हणून सरळ तू म्हणते.

राजीनामा देऊ नकोस. बायोलॉजीची मार्कशीट हातात पडेपर्यंत आणि एक नीट देऊन होईपर्यंत तर नाहीच. का ते पुढे येईल, पण जे विचारलंस त्याचं उत्तर आधी दिलेलं बरं.

आता थोडं कडू बोलते. तुझी बी.ई. इथे कुणी मोजणार नाही. पदवीधरांसाठी वेगळी, चार वर्षांची वैद्यकीय पदवी ब्रिटनमध्ये आहे, ऑस्ट्रेलियात आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे एमबीबीएसला घेतात ते बारावीची मार्कशीट आणि नीटचे गुण बघून. सहा वर्षांचा अनुभव, कंपनीतली बढती, कॉलेजातला नंबर, यांना फॉर्मात रकानाच नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तुझ्या आजूबाजूला सतरा-अठरा वर्षांची पोरं असतील आणि पुढे वर्गातही तीच असतील. ती तुला पहिल्या आठवड्यात 'मॅडम' म्हणतील, दुसऱ्या आठवड्यात 'दीदी', आणि परीक्षेत पुढेही जातील. याचा कमीपणा वाटणार असेल तर आत्ताच थांब. मोठेपणी पुन्हा शिकायला बसलेल्यांचा धीर सुटताना मी पाहिलाय तो बहुतेक याच कारणाने. अभ्यास झेपला नाही म्हणून क्वचितच.

वयाची भीती मात्र सोडून दे. 2017 मध्ये नीटला खुल्या प्रवर्गासाठी 25 आणि राखीव प्रवर्गांसाठी 30 अशी वयाची वरची मर्यादा आणली होती. ते प्रकरण कोर्टात गेलं आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती मर्यादाच काढून टाकली. आता खालची अट तेवढी उरली आहे: प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण. तुझ्या कुणी नातेवाइकाने 'पंचविसानंतर नीट देता येत नाही' असं ठामपणे सांगितलं तर तो काही वर्षं मागे आहे असं समज.

खरी अडचण बायोलॉजीची. ती नसेल तर नीटचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. पूर्वी नियम कडक होता: अकरावी-बारावीची दोन वर्षं नियमित, प्रॅक्टिकलसह बायोलॉजी केलेली हवी. नंतर एखादा विषय बाहेरून दिलेला चालत नसे. त्या नियमापायी कितीतरी इंजिनिअर मुलांना माघारी फिरावं लागलं. नोव्हेंबर 2023 मध्ये आयोगाने तो बदलला. बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी अतिरिक्त विषय म्हणून पास केली, तरी नीट देता येते. म्हणजे तुला अख्खी बारावी पुन्हा करायची नाही, एकच विषय करायचा आहे.

तो कुठून करायचा? सरळ मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे एका विषयापुरतंही नाव नोंदवता येतं आणि मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. बायोलॉजीला प्रॅक्टिकल आहे, ते चुकवायचं नाही. आपल्या गोवा बोर्डातून एक विषय देता येईल का, हे पर्वरीला जाऊन विचारायला हरकत नाही, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबून राहू नकोस. आणि तुझी जुनी मार्कशीट कपाटातून बाहेर काढ. खुल्या प्रवर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 40. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे तुझे फिजिक्स-केमिस्ट्रीचे गुण पुन्हा कामाला येणार आहेत. ते काठावरचे असतील तर बायोलॉजीत नुसतं पास होऊन भागणार नाही, हिशेब करून गुण मिळवावे लागतील.

याच आठवड्यात करायचं काम म्हणजे पर्वरीच्या डीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाला, एक अर्ज लिहायचा. गोमेकॉचे, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे, राज्य कोट्यातले प्रवेश तिथूनच होतात. अर्जात चार ओळी पुरेत: माझी बारावी गोवा बोर्डाची, अमुक सालची, बायोलॉजी अतिरिक्त विषय म्हणून एनआयओएसमधून करणार आहे, राज्य कोट्यातल्या प्रवेशासाठी हे चालेल का, आणि रहिवासी म्हणून कुठकुठली कागदपत्रं लागतील? दोन प्रती ने, एकीवर शिक्का मारून पोच घे. काउंटरवरचा माणूस तोंडी 'हो हो, चालतं' म्हणेल. त्यावर घरी परतू नकोस. आयोग नीटला बसू देतो हे एक, आणि राज्याची प्रवेशपुस्तिका काय म्हणते हे दुसरं. ऑगस्टात यादी लागताना फरक कळला तर वर्ष फुकट जातं. गोव्यात सलग वास्तव्याची अटही आहे. तू फोंड्यातच वाढलेली असल्यामुळे दाखल्याची अडचण येऊ नये, पण मामलेदार कचेरीत दाखल्यांची गर्दी निकालानंतर उसळते. त्याच्या आधी जा.

मैत्रिणीचा बीएस्सीचा सल्ला इथेच मोडीत निघतो. त्या पदवीने नीटमध्ये एक गुणही वाढत नाही. बारावीच्या एका विषयाने जे काम होतं त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची? प्राण्यांची आवड असेल तर झूलॉजी कर, सुंदर विषय आहे, मी आयुष्यभर शिकवला. पण एमबीबीएसची पायरी म्हणून नको.

आता नीट. 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. त्यात बायोलॉजी 90 प्रश्नांची, म्हणजे 360 गुण. अर्धा पेपर एका विषयाचा, आणि तो तू दहावीनंतर उघडलेला नाहीस. उरलेल्या अर्ध्यात फिजिक्स आणि केमिस्ट्री. तिथे तू इतरांच्या पुढे आहेस. बायोलॉजीवाल्या मुलींना मी वर्षानुवर्षं बघत आले. त्यांची दांडी उडते ती फिजिक्समध्ये. तुला तिथे नवं शिकायचं नाही, गंजलेलं घासायचं आहे.

बायोलॉजीत तुझ्यासारख्यांचं काय होतं तेही सांगते. मॅथ्सची हुशार मुलं माझ्याकडे यायची, मायोसिसचा, म्हणजे पेशीविभाजनाचा, धडा एकदा वाचायची आणि म्हणायची, कळलं बाई: गुणसूत्रं जोडीला येतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, वेगळी होतात. बरोबर आहे, तर्क समजला. मग मी विचारायची, क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे ती अदलाबदल, कुठल्या अवस्थेत होतं? गप्प. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस ही पाच नावं ओळीने हवीत, आणि अदलाबदल पॅकिटीनमध्ये होते पण तिची खूण, तो कायझ्मा, डिप्लोटीनमध्ये दिसतो, हेही हवं. परीक्षेत चार पर्यायांत हीच नावं मागे-पुढे करून ठेवलेली असतात आणि घोकलेल्याला ते तीस सेकंदांत सुटतं. तत्त्व समजलेला माणूस तिथे बसून विचार करतो आणि फिजिक्सचा वेळ घालवतो. इंजिनिअरला पाठांतराची लाज वाटते. ती पहिल्या दिवशी सोड. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळ न ओळ, आकृतीखालच्या बारीक अक्षरांसकट, तीन-चार वेळा वाचायची आहेत. आणि पुस्तकं नवी विकत घे. 2024 च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदलला, काही धडे गेले. शेजारच्या मुलीची जुनी पुस्तकं आणि जाडजूड गाइड फुकट मिळाली तरी त्यांचा उपयोग नाही. आयोगाची यादी समोर ठेव आणि तेवढंच वाच.

पास होणं आणि प्रवेश मिळणं यांतलं अंतरही समजून घे, कारण क्लासच्या जाहिराती ते मुद्दाम पुसून टाकतात. 2025 मध्ये खुल्या प्रवर्गाला पात्र ठरायला 144 गुण पुरले. 720 पैकी 144! त्या वर्षी 22 लाखांवर मुलं परीक्षेला बसली आणि 12 लाखांवर पात्र ठरली. एवढ्या जागा देशात कुठेच नाहीत. पात्रतेचा कागद घेऊन जॉर्जियाला जाता येतं. बांबोळीला जायला गुण त्याच्या कितीतरी वर लागतात. गोव्यात एमबीबीएस म्हटलं की गोमेकॉ. 1842 साली पोर्तुगिजांनी पणजीत काढलेल्या वैद्यकीय शाळेचंच हे आजचं रूप. तिथल्या जागा दोनशेच्या घरात, त्यातल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्याला जातात, उरलेल्यांत आरक्षणं. आकडा लहान वाटतो, पण तुझ्याशी त्या जागांसाठी स्पर्धा करणारी मुलंही गोव्यातलीच, काही हजार. देशभरातली लाखो नव्हेत. रहिवासी म्हणून तुझ्याकडे असलेला हा मोठा फायदा आहे आणि बाहेरचा कुठलाही रस्ता धरलास की तो हातचा जातो. सिंधुदुर्गातल्या ओरोसचं सरकारी कॉलेज जवळ, कर्नाटकातल्या कारवारचंही जवळ, पण तिथे तुला फक्त अखिल भारतीय कोट्यातूनच शिरता येईल. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या वरची फी सर्रास आहे; तुझ्या नऊ लाखांत तिथलं अर्धं वर्षही निघणार नाही.

डीटीई दरवर्षी प्रवेशाच्या याद्या लावते. मागच्या तीन वर्षांच्या याद्या मिळव आणि तुझ्या प्रवर्गात शेवटच्या फेरीत शेवटची जागा किती गुणांना गेली ते वहीत लिही. पेपर कठीण गेला की आकडा खाली येतो, सोपा गेला की वर. म्हणून एका वर्षावर भरवसा ठेवू नकोस. तो आकडा तुझ्या टेबलासमोर असू दे. क्लासच्या भिंतीवरचे 'टॉपर' नकोत.

बाकीचे रस्ते फार वेळ न घेता सांगते.

मामेभाऊ खोटं बोलत नाही. अमेरिकेत डॉक्टरकी पदवीनंतरच सुरू होते, त्यामुळे तिशीतला विद्यार्थी तिथे कुणाला नवलाचा वाटत नाही. ज्यांनी पदवी दुसऱ्या विषयात घेतली ते पोस्ट-बॅकमध्ये वर्ष-दोन वर्षं बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स असे विषय लॅबसकट करतात, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा देतात, मग चार वर्षांची एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची पदवी, मग किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. पण हा रस्ता तिथल्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आखलेला आहे. परदेशी विद्यार्थ्याला घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकी, आणि त्यातली काही तर सगळी फी आगाऊ ठेवायला सांगतात. भावाच्या शेजारणीला लागू पडणारा सल्ला त्याने प्रेमाने तुला दिला. त्याला धन्यवाद कळव आणि विषय मिटव. इथे एमबीबीएस केल्यावर अमेरिकेची ओढ वाटलीच तर यूएसएमएलई ही तिथली परवान्याची परीक्षा आहे.

जॉर्जियाच्या माहितीपत्रकात डोंगर असतील, बर्फ असेल, हसऱ्या मुली असतील. त्यात काय नसेल ते मी सांगते. 2021 च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करता आली पाहिजे. मग इथे येऊन एफएमजीई ही परीक्षा, आणि पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप. अलीकडच्या वर्षांत एफएमजीईला बसणाऱ्यांपैकी पास होणारे बहुतेक खेपेला एकतृतीयांशाच्या खालीच राहिले आहेत. आणि नीट पात्र व्हावंच लागतं, ते टळत नाही. एजंटाला हे एकेक विचार. तो विषय बदलून वसतिगृहातल्या भारतीय जेवणाबद्दल बोलायला लागला की ऊठ.

काकूचा सल्ला मी हसण्यावारी नेणार नाही. बीएएमएसलाही नीटच लागते, अभ्यासक्रमही साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, शिरोडा तुझ्या तालुक्यातलंच. पण आयुर्वेद ज्याला शिकायचाय त्याने शिकावा. 'एमबीबीएस नाही तर निदान हे' म्हणून गेलेली मुलं संस्कृत श्लोकांच्या पहिल्याच पेपरला कंटाळतात आणि पुढे आयुष्यभर तक्रार करत बसतात. बीएएमएस करून मग मधूनच एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला घेतात, असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. अशी सोय नाही.

आता पैसे. तू हप्ता चौदा हजारांचा लिहिलास. एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, म्हणजे 66 महिने. गुणाकार मी केला: 9 लाख 24 हजार. तुझी सगळी शिल्लक नुसत्या हप्त्यात जाते आणि वर चोवीस हजार अंगावर येतात. त्यात फी नाही, पुस्तकं नाहीत, पप्पांची औषधं आणि फिजिओथेरपी नाही. आणि हे 66 महिने प्रवेश मिळाल्यानंतरचे. राजीनामा देऊन तयारीला बसलीस तर तेही महिने यात मिळव. म्हणून म्हणते, पगार चालू असताना बायोलॉजी कर. या दीड-दोन वर्षांत जे साठेल ते कर्जाच्या मुदलात भर, म्हणजे हप्ता तरी हलका होईल. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. तिच्या वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आधी वाच, मग हिशेबात धर. एमबीबीएस करताना अर्धवेळ नोकरी जमेल असं मनात असेल तर काढून टाक. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, आणि पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तीन बाजूंनी ओढतात. इंटर्नशिपच्या वर्षी स्टायपेंड मिळतो, तोवर घरात दुसरी कमाई हवी.

अभ्यासाचं वेळापत्रक मी आखून देणार नाही, सहा वर्षं शिफ्ट सांभाळणाऱ्या बाईला ते शिकवायची गरज नाही. एवढंच कर: जमल्यास जनरल शिफ्ट मागून घे, आणि फोंडा-वेर्णे बसमधला वेळ बायोलॉजीला दे, नावं पाठ करायला बस उत्तम, गणितं सोडवायला वाईट. मेंटेनन्सच्या कामात तू लॉगबुक भरतेसच, तसं चुकांचं एक ठेव: कुठला प्रश्न, काय उत्तर दिलं, का चुकलं. बायोलॉजीचं पहिलं वाचन संपलं की एका रविवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे परीक्षेच्याच वेळेला, फोन बंद करून जुना पेपर सोडव. मग दर पंधरवड्याला एक. जानेवारी संपेपर्यंत बायोलॉजीत 360 पैकी 300 च्या आसपास पोचत असशील तर गाडी रुळावर आहे असं मी मानेन. हा माझा ठोकताळा, कुठल्या पुस्तकातला नाही.

पहिली नीट नोकरी करतच दे. गुण त्या वहीतल्या आकड्याच्या जवळ आले, पन्नास-साठांनी कमी पडले, तर राजीनामा दे, एक वर्ष पूर्णवेळ बस आणि दुसरी दे. दीडशे-दोनशेंनी कमी पडले तर नोकरी सोडू नकोस. तेवढं अंतर एका वर्षात तोडणारे असतात, पण थोडे. आणि तिसरी देऊ नकोस. नीटला किती वेळा बसावं याला बंधन नाही, म्हणूनच ते आपलं आपण घालावं लागतं. 'एक शेवटचा चान्स' म्हणत पाच वर्षं घालवलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्याशी त्यांच्या घरचे आता तो विषयच काढत नाहीत.

एक प्रश्न मात्र तू मला विचारला नाहीस, तो मी विचारते. बांबोळीच्या त्या तीन आठवड्यांत तू नेमकं काय पाहिलंस? खाटेशेजारच्या स्टुलावरून डॉक्टर राउंडच्या दहा मिनिटांपुरता दिसतो. माझे विद्यार्थी तिथे इंटर्न होते, त्यांनी सांगितलेलं सांगते. रात्री अडीचला एका म्हाताऱ्या बाईच्या हातात शीर सापडत नाही. दोनदा सुई टोचून झालेली, मुलगा डोक्याशी उभा राहून बघतोय. तिसऱ्यांदा मनगटाजवळ सापडते. नळीवर नाव, वय, वॉर्ड, तारीख लिहायची, फॉर्म भरायचा, लॅबला पोचवायचं, परत येऊन पुढच्याचं बीपी. सकाळी कळतं की नमुना गोठला, पुन्हा घ्या. पुन्हा त्याच बाईची शीर. यातलं काहीच राउंडच्या वेळी दिसत नाही, आणि पहिली काही वर्षं बहुतेक हेच असतं.

तेव्हा फोंड्यातल्या ओळखीच्या एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरला विचार, आणि त्यांची व पेशंटांची हरकत नसेल तर सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात एका कोपऱ्यात बस. सोमवारीच, कारण रविवारचे साठलेले सगळे तेव्हा येतात. ताप, शुगर, सर्टिफिकेट, गुडघा, परत शुगर. तीच पथ्यं पंधराव्या माणसाला सांगताना डॉक्टरांचा आवाज कसा राहतो ते ऐक. असं चार-पाच वेळा केल्यावरही जावंसं वाटलं, तर मला आनंदच आहे.

आणि तुला आतून ओढ आहे ती माणसाच्या शरीराची की व्हेंटिलेटरच्या, मॉनिटरच्या, त्या यंत्रांच्या विश्वासार्हतेची, हेही तपास. पत्रात तू पप्पांच्या आजाराबद्दल एक ओळ लिहिलीस आणि स्वतःच्या मशीनबद्दलही एक. दोन्ही जिथे भेटतात अशी जागा आहे: आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. चालवतात. आयआयटी मुंबईतही बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. तिथे तुझी बी.ई. मोजली जाते, गेट ही परीक्षा देऊन दोन-तीन वर्षांत हॉस्पिटलात पोचता येतं. ही पळवाट म्हणून सुचवत नाही. दुसऱ्या नीटनंतर काय, याचं उत्तर आज ठरवून ठेवलंस तर ती परीक्षा देताना हात कमी थरथरतील.

आईचं राहिलं. लग्न आणि एमबीबीएस यांत एकच काहीतरी होऊ शकतं असं तिने धरलंय, तसं नाही. पण ज्या घरात जाशील तिथे साडेपाच वर्षं पगार नाही आणि पुढे एमडी करायची म्हटली तर आणखी तीन वर्षं रात्रपाळ्या, हे पहिल्याच भेटीत सांग. मागाहून सांगू म्हणून ठेवू नकोस. तिला हेही सांग की तू राजीनामा दिलेला नाहीस. माझ्या अंदाजाने तिची निम्मी धास्ती तीच आहे.

डीटीईचं लेखी उत्तर आलं की त्याची एक प्रत मला पाठव, वरचं नाव खोडून. बारावीला बायोलॉजी नसलेल्या आणखी दोघांची पत्रं माझ्याकडे पडून आहेत, एक पेडण्याहून आणि एक डिचोलीहून. त्यांनाही ते उपयोगी पडेल.